शांत आवाजाचा नियम

या, अशा पुढं या. दाराशी उभं राहून गोष्ट ऐकू नये, तिथवर पोचेस्तोवर आवाजातला अर्धा जीव गळून जातो. ताई, तुम्ही त्या खांबापाशी बसा. लेकरू रडतंय? रडू द्या हो, त्याला बाहेर नेऊ नका, आजच्या गोष्टीत रडण्याला मान आहे. नारायणाचं नाव घेऊन तुम्हाला एका वैमानिक बाईची गोष्ट सांगतो. फार पुढच्या काळातली नाही, हे तुमच्या मांडीवरचं लेकरू नोकरीला लागेल त्या सुमाराची. आधीच सांगून ठेवतो, ऐकून मन प्रसन्न वगैरे होणार नाही. संताप येईल. आला तर आवरू नका.

तिचं नाव गौतमी सबनीस. 'गगनसेतू' नावाच्या कंपनीत कॅप्टन. कोकणातल्या सड्यांवर, विदर्भातल्या माळांवर, पार ईशान्येकडच्या डोंगरांत, जिथं जिथं छोट्या धावपट्ट्या झाल्या होत्या तिथं ती पंख्यांची विमानं उतरवायची. नवरा मालवाहू जहाजावर, बायको विमानात; जमिनीवर घर राखायला पंधरा वर्षांची लेक ईरा, गौतमीची आई मालतीबाई आणि बुंदी नावाची कुत्री. मालतीबाई म्हणजे मिरजेकडच्या नावाजलेल्या कीर्तनकार. परकरी वयात गौतमी आईच्या मागं झांज घेऊन उभी राहायची, आईनं टाकलेली ओळ उचलायची. वैमानिक झाल्यावर ती गमतीनं म्हणायची, "मी धंदा बदललाच नाही. तिथं आई ओळ टाकायची, इथं को-पायलट टाकतो. उचलायचं काम माझंच."

खरंच तसं होतं. विमान जमिनीजवळ आलं की कॉकपिटमध्ये गप्पांना जागा नसते. दोन वैमानिकांनी काय बोलायचं, कोणत्या शब्दांत बोलायचं, समोरच्यानं काय उत्तर द्यायचं, सगळं ठरलेलं. त्या ठरलेल्या रीतीला एसओपी म्हणतात. एक जण विमान चालवतो, दुसरा काट्यांवर नजर ठेवतो. वेग उतरला की नजर ठेवणारा म्हणतो, "स्पीड." चालवणारा म्हणतो, "करेक्टिंग," आणि वेग सुधारतो. ही रीत कुणा साहेबाच्या लहरीतून आलेली नाही. तिच्यातला एकेक शब्द कुठल्या ना कुठल्या अपघातातून आला, माणसं गेली तेव्हा तो हाती लागला. गौतमी एसओपीला पोथीसारखी मानायची.

आणि त्या पोथीत कंपनीनं एक नवं पान घुसडलं. त्याचं नाव समस्वर.

समस्वर काय होतं ते नीट समजून घ्या, अवघड नाही. माणूस बोलतो तेव्हा शब्द तर जातोच, पण त्या शब्दाच्या पाठीवर बसून बोलणाऱ्याच्या अंगाची खबरही जाते. भीती वाटली की घशाचे स्नायू आवळतात, स्वरतंतू ताणले जातात, आवाज चढतो आणि त्यात एक खरखरीत कंप शिरतो. ऐकणाऱ्याचा मेंदू हा कंप शब्दाच्या आधी ओळखतो. अर्थ लागायच्या आत छातीत धस्स झालेलं असतं. तान्ह्याची किंकाळी ऐकून आई हातातलं टाकून धावते, ती काही विचार करून धावत नाही.

शास्त्रज्ञ म्हणाले, हीच खबर कॉकपिटमध्ये घात करते. एक घाबरला की दुसरा घाबरतो, घाबरलेल्याची नजर एकाच काट्यावर खिळते आणि बाकीचे काटे ओरडत राहतात. चाचण्या झाल्या, आकडे आले, आणि आकडे खोटेही नव्हते. मग हेडफोनमध्ये नखाएवढी चकती बसवली. ती पापणी लवायच्या आत आवाज उकलायची, त्यातला कंप, चढ, धाप वेगळी काढून फेकायची आणि उरलेला शब्द त्याच माणसाच्या गळ्यानं, पण सपाट करून पुढं द्यायची. आवाज तुमचाच, फक्त दुपारची झोप काढून उठल्यासारखा. हेडफोन असे घट्ट की बाहेरचं काही कानावर पडू नये. बहुतेक वेळा भीती फुकटचीच असते, तेव्हा समस्वरानं उपकारच केले. भीती खरी असेल त्या दिवसाचं काय, हे कुणी विचारलं नाही.

एवढ्यावर थांबते तर कंपनी कसली! ड्यूटीच्या मुक्कामात वैमानिकांना घरून येणारे फोनही समस्वरातूनच यायला लागले. कारण काय, तर घरच्या कटकटींनी झोप उडू नये. त्याला नाव दिलं होतं 'विश्रांतीचं संरक्षण'. नावं ठेवावीत तर अशा लोकांनी.

गौतमी गुवाहाटीच्या हॉटेलात होती तेव्हा ईराचा फोन आला.

"आई."

"बोल गं."

"काही नाही. सहज केला."

"जेवलीस का?"

"हो."

"बुंदी काय म्हणतेय?"

"आई, तू कधी येणार?"

"परवा. अगं, मला पहाटे उठायचंय. ठेवू?"

"ठेव."

परवा ती घरी आली तर दारात कुणी अंगावर उड्या मारल्या नाहीत.

"बुंदी कुठंय?"

मालतीबाई वाती वळत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "गाडीखाली आली. पोरीनं तुला फोन केला तेव्हा नुकतीच पुरून आलो होतो."

"मग बोलली का नाही? चांगली नीट बोलत होती की!"

"नीट?" आता त्यांनी वर पाहिलं. "हुंदक्यांनी श्वास घेता येत नव्हता तिला. मी शेजारी बसले होते. फोन ठेवल्यावर म्हणाली, आजी, आईला कळलंच नाही. मी म्हटलं, कळलं असेल गं, कामात असेल. खोटं बोलले तुझ्यासाठी, या वयात."

गौतमी ईराच्या खोलीत गेली. पोरगी भिंतीकडं तोंड करून पडली होती.

"ईरू, सांगायचंस ना बाळा."

"सांगायला कशाला लागतं? तू आई आहेस का कस्टमर केअर?"

त्यानंतर ईरानं मुक्कामावर फोन करणं सोडून दिलं. मेसेज यायचे: जेवले, झोपले, आजी बरी आहे. गौतमी तडक उड्डाण विभागाच्या संचालकांकडं गेली. उन्मेष बिवलकर त्यांचं नाव. एके काळी स्वतः वैमानिक, आता खुर्चीत स्थिरावलेले, गोड बोलण्यात तरबेज.

"सर, घरच्या फोनवरून तरी हे काढा."

"कॅप्टन, दुसऱ्या दिवशी पहाटेचं उड्डाण तुम्ही किती सुरेख केलंत ते आठवा. कुत्रीचं तेव्हाच कळलं असतं तर?"

"रडले असते."

"बघा!" बिवलकर म्हणाले, जणू गणित सुटलं.

गौतमी दात आवळून परतली. पोथीवर राग धरता येत नाही, अशी स्वतःची समजूत घालत राहिली. मालतीबाईंनी मात्र ती चकती एकदा हातात घेऊन पाहिली आणि परत टेबलावर टाकली. "कीर्तनात मी कधी मागं वळते का गं? मागच्याला ठसका लागला, कुणाला भोवळ यायला लागली, ते माझ्या पाठीला कळतं. हे असलं काही कानात घातलं तर पहिल्या दिवशीच मी मंडप सोडीन. तू कशी राहतेस त्यात?"

"नियम आहे, आई."

"हो, असेल. सुतकाचेही नियम असतात. म्हणून कुणी मेल्यावर वाईट वाटायचं थांबवतं का?"

आता अद्वय पारधेची ओळख करून देतो. गोंदियाकडचा पोरगा, गौतमीचा को-पायलट. हुशार, वटवट्या, जमिनीवर असेपर्यंत तोंडाला कुलूप नाही. त्या दिवशी विमानाच्या जिन्यापाशी उभं राहून तो म्हणाला, "मॅडम, मी तिला लग्नाचं विचारलं. मुक्कामाच्या फोनवरून."

"समस्वरातून? आणि ती काय म्हणाली?"

"हो म्हणाली. पण कोणत्या सुरात म्हणाली, देव जाणे. मला तर वाटलं, लाँड्रीवाल्याशी बोलतोय."

गौतमी खळखळून हसली. त्या दिवसातलं तेवढंच हसू.

आंबोळीच्या सड्यावर उतरायचं होतं. तिथली धावपट्टी अशी, की पुढं समुद्र आणि अलीकडं खोल दरी. विमान दरीवरून येतं आणि कातळाच्या कडेपलीकडं चाकं टेकवतं. उन्हं कलली की सूर्य थेट डोळ्यांत. समुद्रावरचा वारा सड्यावरून धावत येतो आणि कडेवरून दरीत कोसळतो, धबधब्यासारखा, फक्त दिसत नाही. त्या दिवशी तो नेहमीपेक्षा फार जोरात कोसळत होता.

विमान गौतमी चालवत होती. डोळे किलकिले करून ती धावपट्टीचं टोक शोधत होती. कानात अद्वयचा आवाज आला, निवांत, सपाट.

"स्पीड."

"करेक्टिंग." तिनं इंजिनाची ताकद जराशी वाढवली. रोजच्याइतकी.

"स्पीड."

तोच आवाज. चहात साखर किती, असं विचारावं तसा. "करेक्टिंग," ती म्हणाली आणि आणखी थोडी ताकद दिली. तिची नजर उजेडात धावपट्टी शोधण्यातच अडकलेली. हात आपलं काम करताहेत, तोंड आपलं उत्तर देतंय, पोथीप्रमाणं सगळं चाललंय. विमान मात्र त्या न दिसणाऱ्या धबधब्यात सापडून दरीत बसत चाललं होतं.

तेवढ्यात तिच्या उजव्या खांद्यावर धाडकन हात पडला, तिच्या कानावरचा हेडफोन ओरबाडला गेला आणि माणसाचा आवाज आत घुसला. फाटलेला, चिरकलेला, गुरासारखा हंबरणारा.

"अगं उचल! उचल ना, अगं मरू!"

तिचे हात तिच्या आधी धावले. ताकद पूर्ण पुढं, नाक वर. कडेवरच्या करवंदीच्या जाळ्या चाकांना घासून गेल्या, खरखर अशी की खालून कुणी नखं ओढावीत. मागं माणसं किंचाळली. आणि विमान समुद्रावर निघालं, वर, आणखी वर. त्या वेळी पोटातला जीव धरून विमानात एकाहत्तर जण होते, असं मागाहून एका गरोदर प्रवासी बाईनं सांगितलं.

दुसऱ्या खेपेला ती नीट उतरली. पंखे थांबल्यावर दोघं तशीच बसून राहिली.

"मॅडम, सॉरी. अगं म्हणालो तुम्हाला."

"पहिल्यांदा 'स्पीड' म्हणालास, तेव्हाच घाबरला होतास?"

"म्हणालो? मॅडम, मी ओरडत होतो. दोन्ही वेळा. घसा बसलाय माझा, ऐका ना! तुम्ही इतक्या थंडपणे 'करेक्टिंग' म्हणालात, मला वाटलं तुम्हाला झटका आलाय."

तिला आपला स्वतःचा आवाजही तसा थंड आठवत नव्हता. उजेडानं वैतागलेली होती ती, जराशी धास्तावलेलीही. तेही त्याच्यापर्यंत पोचलं नव्हतं. शेजारी शेजारी बसलेली दोन माणसं, हात लांब केला तर लागेल इतकी जवळ, आणि मधे ती नखाएवढी चकती.

आता देव सगळं बघतो असं आपण म्हणतो. कंपनी काय बघते ते ऐका.

चार दिवसांत अद्वयवर ठपका आला. महत्त्वाच्या क्षणी हेडफोन काढला. कॅप्टनच्या अंगाला हात लावला. ठरलेले शब्द सोडून बोलला. आणि हो, वरिष्ठांना एकेरी संबोधलं! शिक्षा म्हणून परवाना कायमचा काढून घ्यावा, अशी शिफारस. गौतमीला मात्र शाबासकी: कॅप्टनच्या प्रसंगावधानामुळं विमान वाचलं. फक्त हे मान्य असल्याची तिची सही हवी होती.

"कॉकपिटमधला आवाज रेकॉर्ड होतो ना?" ती बिवलकरांना म्हणाली. "तो ऐका. पोरगा जिवाच्या आकांतानं ओरडतोय त्यात."

"ऐकला. शांत आहे अगदी."

"समस्वराआधीचा मूळ आवाज ऐका."

"तो आम्ही ठेवत नाही, कॅप्टन. उकलला की लगेच पुसला जातो. हेडफोनमधलाही, कॉकपिटच्या छतावरच्या माइकमधलाही." बिवलकरांनी हात पसरले. "माणसाच्या भावना ही त्याची खासगी बाब. तुमच्या युनियननंच तर गोपनीयतेसाठी भांडण केलं होतं."

गौतमीच्या कानशिलात रक्त उसळलं. पोराची भीती आधी तिच्या कानातून काढून घेतली, मग यंत्राच्या पोटातूनही काढून घेतली, आणि आता त्यालाच विचारताहेत, घाबरला होतास तर पुरावा दाखव!

"ही सही मी करणार नाही."

"मग सुनावणीत बोला. तुमचा तो हक्क आहे," बिवलकर म्हणाले, गोड हसून.

सुनावणी कंपनीच्या कचेरीत होती. खोलीत टेबलाशी बिवलकर, गौतमी आणि अद्वय. बाकीचे सभासद ठिकठिकाणी आपापल्या गावी बसलेले, भिंतीवरच्या पडद्यावर दिसणारे; त्यांच्याकडं मात्र खोलीतला नुसता आवाज जायचा, चित्र नाही. त्यांत सरकारी निरीक्षक नफीसा मुजावर, करारी चेहऱ्याची, केस पांढरे झालेली बाई. कंपनीच्या बैठका आता समस्वरातूनच होत, वादावादी नको म्हणून. म्हणजे खोलीत कोण कसं बोललं ते खोलीतच राहायचं. पडद्यापलीकडं जायचा तो धुऊन, इस्त्री करून.

अद्वयला विचारलं तेव्हा त्याचा आवाज भरून आला. "मी... मी दोनदा सांगितलं. त्यांना पोचत नव्हतं. समोर कडा दिसत होता, साहेब. आई आठवली मला." बोलता बोलता तो रडायला लागला. पडद्यावरच्या माणसांनी माना डोलावल्या, हवामानाचा अंदाज ऐकावा तशा. एकानं तर जांभई दिली.

ते पाहून गौतमीचा संयम सुटला. ती खुर्ची मागं सारून उठली. "अहो, पोरगा रडतोय इथं! तुम्हाला कळत नाही का? ज्यानं एवढी माणसं वाचवली त्याला हाकलताय, आणि ज्या यंत्रानं मला बहिरं केलं त्याच यंत्रातून त्याचा न्याय करताय! लाज वाटू द्या थोडी!" खोलीतला पाण्याचा पेला थरथरला एवढा तिचा आवाज चढला होता. बिवलकर तिच्यापासून हातभर अंतरावर होते. त्यांनी सगळं ऐकलं, अंगावर काटा येईल असं ऐकलं. आणि माइककडं वाकून ते म्हणाले, "कॅप्टननी त्यांचं मत शांतपणे मांडलं आहे. त्यांच्या आवाजात फारसा आक्षेप जाणवत नाही. पुढं जाऊ या."

माणूस असंही करू शकतो! कीर्तनात रावणाची कथा लागली की आपण दात ओठ खातो. पण रावण निदान दहा तोंडांनी ओरडायचा तरी. हा हसत होता.

बिवलकर पुढं बोलू लागले. "एसओपीत तरतूद आहे. नजर ठेवणाऱ्यानं दोनदा सूचना दिली आणि चालवणाऱ्यानं दोन्ही वेळा योग्य प्रतिसाद दिला नाही, तर चालवणारा असमर्थ झाला असं समजावं. मग दुसऱ्यानं काहीही करावं: ओरडावं, हलवावं, विमान हातात घ्यावं. सगळं माफ. परंतु इथं कॅप्टननी दोन्ही वेळा 'करेक्टिंग' असं उत्तर दिलं. कॅप्टन पूर्णपणे समर्थ होत्या. म्हणून श्री. पारधेंचं वर्तन निव्वळ नियमभंग ठरतं."

गौतमी उभीच होती. तिच्या अंगाची लाही लाही होत होती, आणि त्याच लाहीत तिला एक गोष्ट उमगली. ओरडून उपयोग नव्हता. तिचा राग त्या माइकच्या जाळीपाशीच मरत होता. पलीकडं जायचा तो फक्त शब्द. मग शब्दच असा पाहिजे होता, की जो कितीही सपाट केला तरी त्याची धार जाणार नाही. तो शब्द आत्ताच बिवलकरांच्या तोंडून आला होता.

त्या शब्दाची किंमत ती जाणून होती. असमर्थ ठरलेल्या वैमानिकाचं आरोग्य प्रमाणपत्र त्याच दिवशी गोठतं. मग डॉक्टरांचं मंडळ, तपासण्या, फेऱ्या. त्या वयात परत उडायला मिळालेली माणसं तिला माहीत होती, फार थोडी. आभाळ म्हणजे तिच्यासाठी नोकरी नव्हती. देवळात जाऊन जे मिळतं ते तिला ढगांच्या वर, कोवळ्या उन्हात मिळायचं. तिनं शेजारी पाहिलं. अद्वय बाहीनं नाक पुसत होता, आणि त्याच्या त्या लहान मुलासारख्या हालचालीनं तिचा राग असा काही पेटला की भीतीला जागाच उरली नाही.

ती बसली. माइक जवळ ओढला.

"निरीक्षक मुजावर, माझं निवेदन नोंदवून घ्या. आंबोळीच्या उड्डाणात मी असमर्थ होते."

पडद्यावर जांभई देणाऱ्यानं तोंड मिटलं.

मुजावरबाई पुढं झुकल्या. "कॅप्टन, तुम्ही उत्तरं दिली होती."

"हो. एसओपीतच लिहिलंय, वैमानिक वरून ठीक दिसतो, सवयीनं उत्तरंही देतो, पण त्याला खरी परिस्थिती पोचत नसते. अशा माणसालाही असमर्थच म्हणायचं. माझ्यापर्यंत धोक्याची सूचना पोचत नव्हती. म्हणजे को-पायलटनं जे केलं ते नियमाला धरून होतं. अक्षरशः."

"असमर्थतेचं कारण?"

"समस्वर. यंत्राचं नाव लिहा. त्यानं माझे कान बंद केले."

"याचे तुमच्या परवान्यावर परिणाम होतील. तुम्हाला कल्पना आहे?"

"आहे."

"हे तुम्ही पूर्ण भानावर राहून सांगता आहात?"

"आत्ता भानावर आहे. तेव्हा नव्हते."

मुजावरबाईंनी काहीतरी लिहिलं. मग म्हणाल्या, "वैमानिक उड्डाणात असमर्थ झाला आणि कारण एखादं उपकरण असेल, तर चौकशी पूर्ण होईपर्यंत ते उपकरण सगळ्या विमानांतून बंद करावं लागतं. मला पर्याय नाही. श्री. पारधेंवरचा ठपका रद्द समजावा."

आता बिवलकर उठले. चेहरा लालबुंद. टेबलावर मूठ आपटून ते गर्जले, "हा शुद्ध कट आहे! या बाईनं ठरवून कंपनी बुडवायला घेतली आहे! मी हे चालू देणार नाही, कदापि नाही, ऐकताय का?"

पडद्यावर मुजावरबाईंनी कान देऊन ऐकलं आणि शांतपणे मान हलवली. "संचालकांचं मत नोंदवलं. त्यांचीही तीव्र हरकत दिसत नाही. सुनावणी संपली."

अद्वय रडता रडता फसकन हसला. गौतमी हसली नाही.

बाहेर व्हरांड्यात आल्यावर तो तिच्या वाटेत आडवा उभा राहिला. "कशाला केलंत असं? मी मागितलं होतं का? आयुष्यभर हे ओझं घेऊन उडू मी?"

"मग काय करायला हवं होतं? तुझ्या नरड्यावर पाय देऊन शाबासकी घ्यायला हवी होती?"

"दुसरा काहीतरी मार्ग काढला असता!"

"तू काढ ना! मला सुचला नाही, मूर्खा!"

"तुम्ही मूर्ख!"

"हो, मी मूर्ख! जा, उडव विमान! आणि त्या मुलीला समोर जाऊन विचार, फोनवर नको!"

दोघं अशी भांडत होती की कचेरीतली माणसं दारात गोळा झाली. वॉचमन मधे पडावं की नाही या विचारात काठी सावरत होता. बोलता बोलता अद्वय वाकला आणि त्यानं तिच्या पायांना हात लावला. तिनं त्याला दंडाला धरून उठवलं, आणि तेवढ्यात शेवटचं एक रागावून घेतलं, "हे असलं करू नकोस माझ्यापुढं."

घरी तिनं सांगितलं तेव्हा मालतीबाई देवापुढं जाऊन बसल्या. ईरा मात्र ताडकन उठली. "म्हणजे तू उडणार नाहीस? त्या माणसांचं काही नाही, आणि तुझंच सगळं गेलं? हा कसला न्याय आहे?" तिचा आवाज फाटला, श्वास अडकला, हुंदका आला. गौतमीनं तिला पोटाशी धरलं. तो हुंदका तिच्या छातीत थेट लागला, मधे कुणी नव्हतं. मायलेकी किती वेळ तशा होत्या, ते विचारू नका.

गगनसेतूच्या विमानांतून समस्वर निघालं. अद्वय उडतो आहे. बिवलकरांना बढती मिळाली, हेही सांगितलं पाहिजे. गोष्ट खरी करायची तर ती गोड करून चालत नाही. आणि ती चकती मेली नाही. दवाखान्यांच्या फोनांत आहे, तक्रार ऐकणाऱ्या खिडक्यांत आहे, तुरुंगात नातेवाइकांशी बोलायच्या फोनात आहे. गौतमीची फाइल अजून डॉक्टरांच्या मंडळापुढं पडून आहे. दर काही महिन्यांनी ते बोलावतात, कानात निरनिराळे आवाज सोडतात आणि विचारतात, ऐकू येतं का? ती म्हणते, येतं. ते म्हणतात, बघू.

तर मायबाप, एवढंच मागणं आहे. देवापुढं हात जोडाल तेव्हा गौतमी सबनीसची आठवण काढा. मात्र तिच्यासाठी शांती मागू नका, ती तिला लोकांनी पोटभर दिली. तिचा राग शाबूत राहू दे, म्हणावं, तिला परत आभाळ मिळेस्तोवर. आणि हे मोठ्यानं म्हणा. मनातल्या मनात नको.